पार्किंग कंपनीचं शंभर पौंडांचं पत्र आलंय. भरायचं की फाडायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून आई-बाबा आलेत. शनिवारी, 10 मे रोजी, त्यांना घेऊन तुम्ही सगळे इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या एका रिटेल पार्कात खरेदीला गेलात. पार्किंग दोन तास मोफत. आईंचे गुडघे दुखतात, स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला, त्यात बिलाची रांग. कॅमेऱ्याच्या हिशेबाने गाडी आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत 2 तास 31 मिनिटं झाली. 30 मेला पत्र आलं, पत्रावरची तारीख 27 मे. शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर साठ. गाडी तुमच्या नावावर आहे. ऑफिसातला एक मित्र म्हणतो फेकून दे, काही होत नाही. दुसरा म्हणतो गपचूप भरून टाक, नाहीतर व्हिसाला नडेल.

तुमच्या प्रश्नात आणखी एक वाक्य होतं: त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं. ते मी इथे मुद्दाम घेतलेलं नाही. तुम्हीही ते जिथे जिथे लिहिलं असेल तिथून आजच काढून टाका. कारण पुढे येईलच, पण तुमच्या प्रकरणात शंभर पौंड वाचणार असतील तर ते बहुतेक त्या एका वाक्यावरच वाचतील.

मी गेली पंधरा वर्षं इथल्या एका मोफत कायदे-सल्ला केंद्रात केसवर्कर आहे. घरभाडं, नोकरी, कर्ज असं सगळंच येतं, पण गुरुवारच्या संध्याकाळी पिशवीतून पार्किंगचं पत्र काढणारा कोणी ना कोणी असतोच. आणि आपली माणसं आली की पहिलं वाक्य ठरलेलं: "फाइन आलाय." खरी अडचण या शब्दापासून सुरू होते.

हा फाइन नाही. आपल्याकडे चौकात हवालदाराने पावती फाडली की तो सरकारी दंड. त्यामुळे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं पाकीट, त्यावर गाडीचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात रक्कम, हे पाहिलं की आपल्या पोटात गोळा येतो. पत्राची मांडणीही बहुधा तसा गोळा यावा अशीच असते. काउन्सिल पाठवते ती पेनल्टी चार्ज नोटीस, आणि खासगी कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींची आद्याक्षरं पीसीएनच. पहिलीमागे कायद्याने दिलेला दंडाचा अधिकार आहे. दुसरी म्हणजे एका व्यापाऱ्याने पाठवलेलं बिल. त्याचं म्हणणं इतकंच: "आमच्या जागेत पाटी होती, पाटीवर अटी होत्या, गाडी लावणाऱ्याने थांबून त्या मान्य केल्या, मग मोडल्या, म्हणून ठरलेली रक्कम द्या." म्हणजे हा कराराचा दावा आहे. दावा खरा असू शकतो, खोटा असू शकतो, अर्धवटही असू शकतो. पण तो दावा आहे, निकाल नाही.

व्हिसाचं आधी संपवून टाकतो, कारण त्या भीतीने लोक साठ पौंड सोडा, दीडशेही भरून मोकळे होतात. खासगी पार्किंगचं न भरलेलं बिल हा गुन्हा नाही, त्याची नोंद पोलिसांकडे होत नाही, आणि नुसत्या त्या बिलाने व्हिसा अडत नाही. प्रकरण कोर्टात जाऊन तुमच्याविरुद्ध निकाल लागला आणि तो पैसाही तुम्ही वेळेत भरला नाही, तर तुमच्या क्रेडिट रेकॉर्डवर डाग पडतो. गृहकर्जाला तो नडतो. नागरिकत्वाच्या अर्जात तुमच्याविरुद्ध दिवाणी निकाल लागलाय का असा प्रश्न आला, तर खरं उत्तर द्यावं लागतं. पण तिथपर्यंत जायला वाटेत इतकी स्टेशनं आहेत की झोपून राहिल्याशिवाय कोणी शेवटच्या स्टेशनला पोचत नाही.

आता गाभ्याकडे. करार झाला असेल तर तो कोणाशी झाला? पाटी वाचून गाडी थांबवणाऱ्याशी, म्हणजे चालकाशी. गाडी ज्याच्या नावावर आहे तो त्या वेळी घरी झोपलेलाही असू शकतो. कंपनीला मात्र चालक माहीत नसतो. तिच्याकडे फक्त नंबर प्लेटचा फोटो असतो. त्यावरून ती डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड भरून नोंदणीकृत कीपरचं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचं, नाव-पत्ता घेते आणि त्याला पत्र पाठवते. तुम्हाला पत्र आलं ते तुम्ही कीपर आहात म्हणून. तुम्ही काही केलंत हे कंपनीला माहीत आहे म्हणून नव्हे.

पूर्वी या कंपन्या पत्रं पाठवण्यापेक्षा सरळ चाकाला क्लॅम्प लावायच्या. पैसे द्या आणि गाडी न्या. त्यावर इतकी ओरड झाली की प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट, 2012 या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेवर क्लॅम्प लावण्यावर बंदी आली. पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात कंपन्यांना बदल्यात काहीतरी मिळालं: चालक कोण ते कळलं नाही तर कीपरकडून पैसे मागता येतील. ज्याने करार केलाच नाही त्याच्याकडून वसुली, ही कायद्याच्या दृष्टीने मोठीच मुभा आहे. म्हणून ती अटींवर दिलेली आहे. कंपनीने पत्र ठरलेल्या मुदतीत पोचवलं पाहिजे आणि त्यात ठरलेला मजकूर असला पाहिजे. एक अट चुकली की कीपरपर्यंत जाणारी वाट बंद. मग कंपनीला फक्त चालकाच्या मागे जाता येतं, आणि चालक कोण हे तिला माहीत नाही. अर्थात, तुम्हीच सांगितलंत तर माहीत होतं.

गुरुवारी आलेल्यांपैकी काही जण इथे कचरतात. "ही पळवाट नाही का?" म्हणून विचारतात. मला तसं वाटत नाही. मुभा हवी तर मुदत पाळा, असा हा व्यवहार आहे. दोन तासांची अट काही मिनिटांनी मोडली म्हणून शंभर पौंड मागणाऱ्याने स्वतःच्या मुदतीबद्दल तक्रार करू नये.

मुदतीचा हिशेब तुमच्या पत्रावर लावून बघू. काचेवर कुठलंही तिकीट लावलेलं नव्हतं, सगळं कॅमेऱ्यावरून झालं, हे तुम्ही लिहिलंय. अशा वेळी पार्किंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून चौदा दिवसांत कीपरला नोटीस पोचली पाहिजे. पाठवली नव्हे, पोचली. तुमचे चौदा दिवस 11 मेला सुरू झाले आणि 24 मेला संपले. पोस्टाने पाठवलेलं पत्र टाकल्यापासून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोचलं असं कायदा धरून चालतो. शनिवार-रविवार मोजत नाहीत, आणि 26 मेचा सोमवार बँक हॉलिडे होता. म्हणजे कंपनीने पत्र फार फार तर बुधवारी, 21 मेला टपालात टाकायला हवं होतं. पत्रावर तारीख आहे 27 मे. ते पोचलं असं धरायचं 29 मेला. पाच दिवस उशीर.

याचा अर्थ असा, की तुम्ही सांगितलेल्या तारखा बरोबर असतील, तर कीपर म्हणून तुमच्यावर या रकमेची जबाबदारी येत नाही.

पण तारखा बरोबर असतील "तर". काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. हे पहिलंच पत्र आहे ना? कधीकधी पहिलं जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं आणि हाती पडतं ते स्मरणपत्र. लॉगबुकवर, म्हणजे व्ही-फाइव्ह-सीवर, तुमचा सध्याचा पत्ता आहे का ते आज बघा. दुसरं, गाडी खरंच तुमच्या नावावर आहे की लीजवर? आपल्या आयटीवाल्यांकडे हल्ली सॅलरी सॅक्रिफाइसची, म्हणजे पगारातून हप्ता कापून लीजवर घेतलेली, इलेक्ट्रिक गाडी असते. तिथे नोंदणीकृत कीपर बहुधा लीज कंपनी असते, पहिलं पत्र तिला जातं, ती तुमचं नाव कळवते आणि मग तुम्हाला वेगळी नोटीस येते. त्याची मुदत वेगळी: लीज कंपनीने कागद दिल्यापासून 21 दिवस, आणि नोटिशीसोबत भाडेकराराच्या प्रती जोडलेल्या हव्यात. कंपन्या त्या प्रती जोडायला बऱ्याचदा विसरतात. अशा वेळी लीज कंपनीने परस्पर पैसे भरून वर स्वतःची फी लावू नये, एवढं तिला आधीच लेखी कळवून ठेवा.

काचेवर पिवळं पाकीट चिकटवलेलं असेल तर गणित पुन्हा वेगळं. मग कीपरची नोटीस 28 दिवसांनंतर आणि 56 दिवसांच्या आत यावी लागते. विमानतळ किंवा रेल्वे स्टेशनसारख्या ज्या जागांना स्वतःचे उपविधी आहेत, तिथे तर कीपरवर जबाबदारी टाकणारं हे परिशिष्ट लागूच होत नाही. आई-बाबांना सोडायला जाताना हे लक्षात असू द्या. आणि हे सगळं इंग्लंड-वेल्सचं. कोणी ग्लासगोहून वाचत असेल तर यातलं कीपरबद्दलचं काहीही तसंच्या तसं उचलू नका.

आता ते वाक्य. "आय अ‍ॅम व्हेरी सॉरी, आय पार्क्ड अ‍ॅट..." अशी सुरुवात असलेली किती अपिलं मी पाहिली असतील! लिहिणारा सज्जन असतो, त्याला समोरच्याला समजावून सांगायचं असतं. पण पहिल्याच ओळीत त्याने स्वतःला चालक करून टाकलेलं असतं. एका गृहस्थांचं पत्र तर तब्बल बावीस दिवसांनी आलेलं होतं. उत्तरात फक्त "मी कीपर आहे" इतकं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी दोन पानं लिहून माफी मागितली होती. माझ्याकडे आले तोवर करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

शाळेत कर्तरी-कर्मणी प्रयोग घोकून घेतले, त्याचा आयुष्यात काय उपयोग असं वाटायचं. इथे आहे. "मी गाडी लावली" नाही, "गाडी लावलेली होती". "आम्ही परत आलो तेव्हा" नाही, "गाडीतली मंडळी परत आली तेव्हा". कर्ता गाळायचा. चालकाचा उल्लेख करावाच लागला तर "चालक" म्हणायचं. तो, ती, मी, माझी बायको, माझा नवरा, काही नाही. कंपनीच्या वेबसाइटवर अपील करताना एक यादी उघडते: तुम्ही चालक आहात, कीपर आहात की आणखी कोणी? तिथे "रजिस्टर्ड कीपर" निवडा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. काही वेबसाइटींवर चालकाचं नाव दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं भासवतात. तसं झालं तर पत्रावर दिलेल्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा आणि पोस्ट ऑफिसातून पाठवल्याचा पुरावा घ्या. तो फुकट मिळतो.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट करतो, कारण अळीमिळी गुपचिळी म्हणजे खोटं बोलणं नव्हे. खासगी कंपनीला चालकाचं नाव सांगण्याचं कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही, म्हणून गप्प राहायचं. चुकीचं नाव द्यायचं नाही, भारतात परत गेलेल्या मेहुण्याच्या डोक्यावर खापर फोडायचं नाही. प्रकरण पुढे गेलं आणि न्यायाधीशांनी समोर बसवून सरळ विचारलं तर सरळ खरं सांगायचं. आणि दुसरं, पोलिसांचं पत्र आलं, वेगमर्यादेचं वगैरे, तर हा सल्ला विसरून जा. तिथे 28 दिवसांत चालक कोण हे सांगावंच लागतं. न सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सहा पेनल्टी पॉइंट लागतात. पाकीट उघडल्यावर पत्र कोणाचं आहे हे आधी बघा.

मग प्रत्यक्षात काय करायचं? सगळ्यात आधी, पार्किंग कंपनीच्या आधी, दुकान. तुम्ही त्या दिवशी तिथे खरेदी केली होती. बिल असेल तर उत्तम, नसेल तर बँकेच्या स्टेटमेंटची ती ओळ. घेऊन थेट स्टोअर मॅनेजरला भेटा, किंवा दुकानाच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा: आम्ही तुमचे गिऱ्हाईक, सोबत सत्तरीची आई, हे पत्र आलंय, रद्द करायला सांगा. पार्किंग कंपनी जमीनमालकाच्या किंवा दुकानाच्या सांगण्यावरून तिथे असते. मॅनेजरने एक ईमेल टाकला की बऱ्याचदा विषय संपतो. माझ्याकडच्या प्रकरणांत सर्वांत कमी कष्टात मिटलेली प्रकरणं अशीच मिटलेली आहेत. काउंटरवरचा मुलगा "आमचा काही संबंध नाही" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, मॅनेजरचं नाव विचारा. इथेही "गाडी मी चालवत होतो" हे बोलायची काही गरज नाही.

दुकानाने हात वर केले तर कंपनीकडे अपील. ते नोटिशीपासून 28 दिवसांत करायचं. तुम्ही 20 जूनच्या पुढे जाऊ नका. मजकूर सोप्या इंग्रजीत, पाच-सहा ओळींचा. त्याचा आशय असा: मी या गाडीचा नोंदणीकृत कीपर आहे. तुमची नोटीस 27 मेची आहे, प्रसंग 10 मेचा. 2012 च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नवव्या परिच्छेदाप्रमाणे चौदा दिवसांत नोटीस पोचलेली नाही, त्यामुळे कीपरकडून रक्कम मागता येत नाही. चालकाचं नाव मी देत नाही आणि तसं बंधनही माझ्यावर नाही. गाडीतून प्रवास करणाऱ्या एका ज्येष्ठ व्यक्तीला चालण्याचा दीर्घकाळचा त्रास असल्याने जास्त वेळ लागला, त्याचाही विचार करा. नोटीस रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा कोड द्या. बस. रागाचं एकही वाक्य नको.

आईंच्या गुडघ्यांचा मुद्दा तुम्ही सहानुभूती म्हणून मांडलाय. मी तो वेगळ्या जागी ठेवीन. 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे सेवा देणाऱ्याने अपंग व्यक्तीसाठी वाजवी सवलत द्यायला हवी, आणि अपंगत्व म्हणजे चाकाची खुर्चीच असं नाही. रोजच्या हालचालींवर ठळक परिणाम करणारा, बारा महिने टिकलेला किंवा टिकेल असा त्रास त्यात बसतो. त्या ब्रिटिश नागरिक नाहीत, सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्यात, याने फरक पडत नाही. नाशिकच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत चार ओळींचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. गुडघ्यांचा त्रास कधीपासून आहे आणि किती चालता येतं, एवढं त्यात असलं की झालं. हा मुद्दा मुदतीइतका धारदार नाही, पण जोडीला ठेवावा.

याउलट जो मुद्दा सगळ्यांना सगळ्यात न्याय्य वाटतो तोच चालत नाही: "अर्ध्या तासाचे शंभर पौंड? कंपनीचं नुकसान तरी किती झालं?" चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कात एप्रिल 2013 मध्ये असंच झालं होतं. दोन तास मोफत, गाडी 56 मिनिटं जास्त राहिली, कंपनीने 85 पौंड मागितले. त्या गृहस्थांनी हाच मुद्दा धरून सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या नावाने तो निकाल नोव्हेंबर 2015 मध्ये लागला, आणि ते हरले. कोर्टाचं म्हणणं असं, की मोफत जागा गिऱ्हाइकांसाठी फिरती राहावी यात कंपनीला आणि जमीनमालकाला रास्त हितसंबंध आहे, आणि त्यासाठी ही रक्कम अवाजवी नाही. तेव्हापासून नुकसानीचा मुद्दा मेला. पण त्याच निकालातली दुसरी बाजू लोक विसरतात: तिथल्या पाट्या मोठ्या, भरपूर आणि ठळक होत्या म्हणून करार झाला असं मानलं गेलं. पाटी आठ फूट उंचावर, मुंगीएवढ्या अक्षरात, झाडामागे असेल तर तो निकाल कंपनीच्या उपयोगाचा नाही. म्हणून एकदा जाऊन फोटो काढा. प्रवेशापाशी गाडीच्या खिडकीतून काय दिसतं, आणि शंभर पौंडांचा आकडा किती मोठा आहे, हे फोटोत यायला हवं. ताजे फोटोच घ्या, गूगलवरचे जुने नकोत.

दहा मिनिटांच्या सवलतीबद्दल कोणीतरी तुम्हाला सांगेलच. ती खरी आहे. कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, बीपीए आणि आयपीसी. ऑक्टोबर 2024 पासून दोघींची आचारसंहिता एकच आहे आणि तीत वेळ संपल्यावर किमान दहा मिनिटं द्यायची असतात. शिवाय कॅमेरा फाटकातला वेळ मोजतो, गाडी उभी राहिल्याचा नव्हे. पण तुमची 31 मिनिटं या दोन्हींत मावत नाहीत. बारा-पंधरा मिनिटं असती तर मी हाच मुद्दा वर घेतला असता.

कंपनी अपील बहुधा फेटाळेल. उत्तर आधीच छापून ठेवल्यासारखं असतं. निराश होऊ नका, त्याच पत्रात पुढच्या अपिलाचा रस्ता असतो. पत्राच्या तळाशी बीपीएचं चिन्ह असेल तर पोप्ला, आयपीसीचं असेल तर आयएएस; या दोन संघटनांच्या दोन अपील सेवा. पोप्लाला 28 दिवसांत जायचं, आयएएसची मुदत त्या पत्रातच बघा. पोप्लाला तुमच्याकडून फी नाही, आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तिथे मात्र "आईंना बरं नव्हतं हो" याला किंमत नाही; पोप्ला नियम बघते, दया दाखवायचा तिला अधिकार नाही. मुदतीचा मुद्दा पहिला, पाट्यांचे फोटो दुसरे, आणि तिसरं म्हणजे कंपनीने जमीनमालकाशी झालेला करार दाखवावा ही मागणी. कंपनी पुराव्यांचं बाड पाठवते. त्यावर उत्तर द्यायला सात दिवस मिळतात आणि ते वाचायला लोक आळस करतात. वाचा. मी एकदा त्यात दुसऱ्याच कार पार्कचा नकाशा पाहिलाय.

साठ पौंडांची सवलत या सगळ्यात जाते का? पोप्लाला गेलात की जाते. म्हणून मी प्रत्येकाला अपील करायला सांगत नाही. नोटीस आठव्या दिवशी आलेली, पाट्या झळझळीत, गाडी दीड तास जास्त, दुकानाचं बिलही नाही, असं असेल तर मी म्हणतो भरा साठ आणि रात्री शांत झोपा. तत्त्वासाठी लढण्यात कितीतरी संध्याकाळी खर्ची पडतात, आणि तुमच्या संध्याकाळलाही काही किंमत आहे. तुमच्या तारखा पाहता मी तुम्हाला तसं सांगणार नाही.

फेकून दे म्हणणाऱ्या मित्राचं काय? 2012 च्या आधी तो सल्ला बऱ्यापैकी बरोबर होता, म्हणूनच तो अजून फिरतोय. आता काय होतं ते सांगतो. काही महिन्यांनी रक्कम 170 होते. कर्जवसुली कंपन्यांची पत्रं येऊ लागतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त लाल. या कंपन्या म्हणजे बेलिफ, कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे, नव्हेत. त्यांना तुमच्या दारात येऊन काही उचलण्याचा अधिकार नाही, त्यांना उत्तर द्यायचीही गरज नाही. फक्त पत्रं फाइलला लावा. पण त्या गठ्ठ्यातच एक दिवस "लेटर बिफोर क्लेम", म्हणजे दावा लावण्याआधीची सूचना, येतं. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यायचं. त्यानंतर कोर्टाचा क्लेम फॉर्म येऊ शकतो, आणि इथे झोपलात तर खेळ संपला. फॉर्म मिळाल्यापासून चौदा दिवसांत पोच द्यायची, म्हणजे बचाव मांडायला एकूण 28 दिवस मिळतात. काहीच केलं नाही तर तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल लागतो. त्यालाच सगळे सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्ट जजमेंट, म्हणतात. एका महिन्यात पूर्ण रक्कम भरली तर नोंद पुसली जाते, नाहीतर ती सहा वर्षं राहते.

एका कुटुंबाचं प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. हाउन्सलोहून मिल्टन कीन्सला घर बदललं. लायसन्सवरचा पत्ता बदलला, लॉगबुकवरचा राहिला. दीड वर्षाने घर घ्यायला गेले तर गृहकर्ज नाकारलं. का, तर जुन्या पत्त्यावर गेलेल्या तीन पार्किंग पत्रांचा, त्यांना कधीही न दिसलेला, सीसीजे. तो रद्द करून घ्यायला एन-244 नावाचा अर्ज असतो आणि त्याचीच फी तीनशे पौंडांच्या आसपास जाते. झालं शेवटी, पण ते घर हातचं गेलं.

तुम्ही उत्तरं देत राहिलात आणि तरीही गोष्ट सुनावणीपर्यंत गेली, तर ते स्मॉल क्लेम्स, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचा सोपा मार्ग. आता आधी फोनवरून एक तासाची मोफत मध्यस्थी होते, ती टाळता येत नाही. मग जवळच्या काउंटी कोर्टात, एका साध्या खोलीत, टेबलाभोवती बसून सुनावणी. हरलात तरी आभाळ कोसळत नाही: मूळ रक्कम, दाव्याची 35 पौंड फी, सुनावणीचे 27, वकिलाचे ठरावीक 50 आणि थोडं व्याज. शंभराचे 170 करताना वाढवलेले सत्तर मान्य करायचे की नाही यावर न्यायाधीशांची मतं वेगवेगळी असतात. शिवाय चालक कोण असावा याचा अंदाज परिस्थितीवरून बांधायला न्यायाधीश मोकळे असतात, त्यामुळे मी शंभर टक्क्यांची हमी देत नाही. पण मुदत चुकलेली नोटीस घेऊन कोर्टात जायला कंपन्या सहसा उत्सुक नसतात.

तर या आठवड्यात लॉगबुक काढा, पाकीट आणि पत्र दोन्हींचा फोटो काढा (पाकिटावर तारखेचा शिक्का असेल तर सोनंच), दुकानाच्या मॅनेजरला गाठा, नाशिकला डॉक्टरांना फोन करा. मॅनेजरकडून आठवड्याभरात काही आलं नाही तर कंपनीला अपील टाका. तिचं उत्तर आलं की इथे कळवा, पण नावं, गाडीचा नंबर आणि कोडचे आकडे झाकून. पोप्लाचा मसुदा मी बघून देईन.

आणि आई-बाबा असेपर्यंत पुन्हा त्या दुकानात जाणारच असाल, तर आत शिरल्यावर कस्टमर सर्व्हिसच्या टेबलापाशी विचारा. बऱ्याच ठिकाणी तिथे एक छोटा टॅब्लेट ठेवलेला असतो. गाडीचा नंबर टाकला की गिऱ्हाइकाला जास्तीचा वेळ मिळतो. हे पाटीवर असतं, पण सगळ्यात खालच्या ओळीत.